घरचं माणूस शेवटी

मोठ्या डॉक्टरीणबाई स्वतः दोन जिने उतरून रक्त काढायच्या खोलीत आल्या, तेव्हाच काहीतरी बिनसल्याचं डासबाईने ओळखलं. अकरा वर्षांत त्या इथे दोनदाच आल्या होत्या. एकदा छत गळलं तेव्हा, आणि एकदा दार चुकून.

"ताई, दार लावून घ्या," बाई म्हणाल्या.

दार लावून घ्या म्हटलं की एक तर नोकरी जाते, नाहीतर माणूस गेलेलं असतं. डासबाईने दार लावलं, आणि उगाचच हातमोजे काढून पुन्हा घातले.

डासबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. यकृताच्या विषाणूचे पेशंट दर तीन महिन्यांनी रक्त द्यायला यायचे. त्यांच्यात एक निवृत्त बसकंडक्टर होता, त्याचा हा उद्योग. "रक्त पिते, पण चावल्याचं कळत नाही," असं तो साऱ्या बाकाला सांगायचा. तिला राग यायचा नाही. उलट एखादा नवखा हात आखडून बसला की तीच म्हणायची, "अहो, मला डासबाई म्हणतात, गांधीलमाशी नव्हे." तो हसायचा, हात सैल पडायचा, आणि तेवढ्यात सुई आत गेलेली असायची. पळपुट्या, सुकलेल्या शिरा तिच्या बोटांना बरोबर सापडायच्या. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना एखादी शीर सापडली नाही की "ताईंना बोलवा", आणि काम झालं की ताई कोण नि कुठल्या! मोठ्या लोकांची ही जुनीच खोड आहे, तिच्याबद्दल बोलून काही उपयोग नाही.

बाईंनी ट्यूबच्या स्टँडशेजारी एक कागद ठेवला. त्यावर नुसत्या आकड्यांच्या ओळी होत्या.

"हे तुमचं काम आहे?" त्यांनी विचारलं.

डासबाईला आकड्यांतलं ओ की ठो कळलं नाही. तिने कागद उलटून मागची बाजू पाहिली.

आता ही भानगड कळायची तर आधी स्पर्धेचं सांगायला हवं. या हॉस्पिटलात दोन हजारांवर पेशंटांची अकरा वर्षांची माहिती साठली होती. प्रत्येकाच्या विषाणूची अक्षरांची लांबलचक ओळ, वय, औषध, तपासण्या, सगळं. औषध कुणाला लागू पडतं आणि कुणाला पडत नाही, याचं कारण त्यातच कुठेतरी होतं, पण सापडत नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या हुशार मंडळींना डोकं खाजवून खाजवून टक्कल पडायची वेळ आली. शेवटी मोठ्या बाईंनी ठरवलं की ही माहिती जगासमोर ठेवायची. नावं काढली, पत्ते काढले आणि खुली स्पर्धा लावली. ज्याला यायचं त्याने यावं, डॉक्टर असलं पाहिजे अशी अट नाही. थोड्या पेशंटांचं पुढे काय झालं ते झाकून ठेवलेलं, बाकीच्यांचं दिलेलं. झाकलेलं जो सगळ्यात अचूक ओळखेल, तो जिंकला. आणि जिंकणाऱ्याने आपली रीत साऱ्यांपुढे लिहून द्यायची.

"उद्या ऑपरेशनचीही लॉटरी लावा," असं म्हणून एका डॉक्टरांनी नाक मुरडलं होतं. पण नऊशे जणांनी भाग घेतला. हवामान खात्यातले होते, शाळामास्तर होते, एक तर तुरुंगातून खेळत होता म्हणे. आणि जिंकलं कोण? बटणांच्या कारखान्यातला तपासनीस! शर्टाच्या बटणांना चार भोकं नीट पडलीत की नाहीत, हे बघण्यात ज्याची हयात गेली, तो माणूस. त्याने दहातले नऊ बरोबर ओळखले. दुसरा आला त्याला दहातले सातही धड जमले नव्हते. नाक मुरडणारे डॉक्टर तोंडात बोट घालून बसले.

त्याच सुमाराला नवं औषध आलं, पण चोवीस जणांपुरतंच. जुनं औषध ज्यांच्यावर चालणार नाही त्यांना ते द्यायचं होतं. ते चोवीस कोण? समितीने तपासनिसाची रीत लावली आणि आदल्या आठवड्यात यादी काढली. औषध सुरू व्हायला अजून महिना होता.

डासबाईचा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. त्यालाही हाच विषाणू, सात वर्षं झाली होती. यादीत त्याचं नाव नव्हतं. भावजयीने संध्याकाळी फोन केला होता, "वन्सं, नाव नाही म्हणजे गरज नाही, असंच ना?"

"असंच," डासबाई म्हणाली होती. मग दोघी फोनवरच रडल्या होत्या, बरं वाटून.

तर तपासनिसाने आपली रीत चाळीस पानं भरून लिहून दिली होती. समितीने त्यातलं पहिलं पान वाचलं, कारण दहातले नऊ हा आकडा पहिल्याच पानावर होता. चाळीस पानं वाचायला वेळ आहे कुणाला! मोठ्या बाईंनी मात्र रविवारी घरी बसून ती सगळी वाचली, आणि एकतिसाव्या पानावर त्यांच्या हातातल्या चहावर साय आली.

"विषाणूच्या अक्षरांना त्याने जवळजवळ हातच लावलेला नाही," बाई सांगू लागल्या. "त्याने हे वापरलंय." त्यांनी कागदावर बोट टेकवलं. "तुमच्या ट्यूबवरच्या लेबलाचा नंबर. आधी तारीख, पुढे त्या दिवसाचा अनुक्रमांक. आम्ही नावं काढली, पत्ते काढले, पण हा नंबर तसाच राहिला. नंबरच तो, त्यात काय असणार, असं वाटलं. या माणसाला दिसलं की ज्यांचा नंबर दर वेळी पाचाच्या आत असतो, ते वर्षा-दोन वर्षांत जातात. ज्यांचा तिसाच्या पुढे, ते तगतात. ताई, हे नंबर कोण देतं?"

"मीच."

"दाराशी चिठ्ठी मिळते, तिच्याप्रमाणे?"

झालं! पकडली चोरी. जो आधी येईल त्याचं रक्त आधी, हा नियम भिंतीवर लाल अक्षरांत रंगवलेला होता, आणि डासबाईने तो पहिल्याच वर्षी गुंडाळून ठेवला होता.

"चुकलं माझं, बाई," ती म्हणाली. "पण काहींना बसवतच नाही हो. त्या बाकाला पाठ टेकायला काही नाही. मी दार उघडते, एकदा बाकावरून नजर फिरवते, आणि ज्याला बसवत नाही त्याला आधी हाक मारते. एक पहिलं वर्ष सोडलं, तर कुणी कधी तक्रार केली नाही."

"बसवत नाही हे कशावरून कळतं तुम्हाला?"

"कशावरून म्हणजे... एखादा पिशवी मांडीवर घेत नाही, खाली ठेवतो, आणि मग ती उचलायची म्हटली की आधी तिच्याकडे बघत राहतो. एखादीच्या बुटाच्या नाड्या सुटलेल्या असतात, कारण वाकवत नाही. कुणी वाक्य अर्ध्यावर सोडून देतं. दार वाजलं की सगळे माना वर करतात, एखादा करत नाही. दिसतं ते, बाई. कुणालाही दिसेल."

"आम्हाला नाही दिसलं," बाई म्हणाल्या, आणि पेशंटच्या खुर्चीत मटकन बसल्या. "एकेकाच्या चाळीस तपासण्या केल्या, तरी नाही दिसलं. ताई, आम्ही साऱ्या जगाला स्पर्धेला बोलावलं, आणि जिंकलात तुम्ही."

दुसरी कुणी असती तर ऐकून हरखली असती. डासबाईला दरदरून घाम फुटला.

"म्हणजे मी ज्यांना आधी हाक मारली, ते सगळे..."

"बहुतेक सगळे."

"अगं आई गं!"

ती मान फिरवून भिंतीकडे बघत राहिली. किती हाका, किती माणसं! या, आजोबा, तुम्ही आधी या. ये बाळा, तू ये. दया म्हणून मारलेल्या हाका होत्या त्या. तिला कधी वाटलंही नव्हतं की त्यांचा असा हिशेब निघेल. आणि तेवढ्यात दुसरी एक गोष्ट तिच्या डोक्यात शिरली.

"बाई," तिने विचारलं, "यादी या नंबरांवरून केलीत?"

"बहुतेक नंबरांवरूनच झाली, असं आता दिसतंय."

"ज्याचा नंबर कायम शेवटचा, त्याला नव्या औषधाची गरज नाही, असं?"

"रीतीप्रमाणे, नाही."

पहिल्या वर्षीची गोष्ट. भांडारातल्या कारकुनाचा मेहुणा अगदीच गळून गेला होता, म्हणून डासबाईने त्याला सर्वांत आधी आत घेतलं. कॉरिडॉरमध्ये एक जण उसळला, "वशिल्याचं तट्टू! आम्ही काय इथे माश्या मारायला बसलोय?" लेखी तक्रार गेली. चौकशी झाली, तिला साऱ्यांसमोर उभं करून विचारलं. अशी शरम तिला जन्मात वाटली नव्हती. त्या दिवसापासून तिने ठरवून टाकलं: हॉस्पिटलातल्या माणसांचं कुणीही नातलग असो, घरचं माणूस शेवटी. घरात पाहुणे जेवल्यावर आपण आपलं ताट वाढून घेतो, तसंच. हे तिने कुणाला बोलून दाखवलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय होतं? दारातून नजर फिरवताना घरच्यांवरून ती नजर नुसती पुढे सरकवायची, न जाणो थांबली आणि पाझर फुटला तर! सात वर्षांमागे भाऊ येऊन त्या बाकावर बसला, तेव्हा तर तिने नियम आणखीच घट्ट केला. तो सगळ्यांत शेवटी. त्याची पाळी यायची तेव्हा पन्नास हात होऊन गेलेले असायचे, तिचे डोळे शिणलेले असायचे. ती शीर बघायची आणि भाची अभ्यास करते का ते विचारायची. भावाकडे बघायची नाही.

भावाचं नाव तिच्या ओठांपर्यंत आलं आणि तिने ते गिळलं. बोलली असती तर काय म्हणाले असते सगळे? बघा, स्वतःच्या भावासाठी यादी बदलायला निघाली! ज्या शब्दाला ती अकरा वर्षं घाबरली, तोच शब्द पुन्हा तिच्या तोंडावर फेकला गेला असता.

"अजून एक आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी दुसरा कागद काढला. "तपासनिसाने एकोणचाळिसाव्या पानावर लिहिलंय. ऐका. 'सोळा पेशंटांवर माझी रीत लावू नये. हे नेहमी शेवटी येतात, पण यांच्या तपासण्या पहिल्यांसारख्या आहेत. बटण वरून चकचकीत आहे, पण भोक भलतीकडे पडलंय. ही माणसं कोण, ते तिथे प्रत्यक्ष काम करणाऱ्या कुणालातरी विचारा.' समितीने हे पान उघडलंसुद्धा नाही. सोळांची नावं मी काढून आणली आहेत. कोण आहेत हे, ताई?"

डासबाईने कागद हातात घेतला. लॅबवाल्याची आई. पहारेकऱ्याची बायको. धुलाईखात्यातल्या मावशींचा नवरा. भांडारातल्या कारकुनाचा तोच मेहुणा. पाच नावांपुढे छोटी फुली होती. फुली कशाची, ते तिला विचारावं लागलं नाही. पाचांच्याही मयताला ती गेली होती. अकरावं नाव तिच्या भावाचं होतं, आणि त्यापुढे फुली नव्हती.

"हे सगळे आपलेच आहेत, बाई. घरचे. यांना मी मुद्दाम शेवटी ठेवते, वशिला नको म्हणून. दोन-दोन, अडीच-अडीच तास बसायचे हो हे, त्या बाकावर! मी बसवायचे!"

बाईंनी पेन काढून कागदाच्या कडेला काहीतरी टिपलं.

"आणि यातला अकरावा माझा भाऊ आहे," डासबाई म्हणाली. "मी वशिला लावतेय असं कुणाला वाटत असेल, तर त्याचं राहू द्या. बाकीच्या दहांचं तेवढं बघा."

"पुरे झालं, ताई," बाई कडाडल्या. एवढा आवाज त्यांचा कुणी ऐकला नसेल. "वशिला नको, वशिला नको करता करता माणसं मारायची का आता?"

त्याच दुपारी यादी मागे घेतली गेली. सोळांतल्या हयात अकराही जणांना बोलावून सगळ्या तपासण्या नव्याने झाल्या. तपासणीच्या चित्रात भावाचं यकृत पाहून बाईंनी नुसता चष्मा काढून टेबलावर ठेवला. आणखी चार-सहा महिने गेले असते, तर कुठलंच औषध उपयोगी पडलं नसतं. समिती पुन्हा बसली, या वेळी चाळीस पानं वाचून बसली. अकरांतले सात जण यादीत आले, त्यात भाऊ होता. सात आले म्हणजे आधीचे सात गळाले, हेही खरंच. त्यांना काय सांगितलं, ते समितीलाच माहीत.

स्पर्धा पुन्हा लावली, नंबरांचा रकाना काढून टाकून. बटणवाला तपासनीस पुन्हा उतरला आणि चौदावा आला. पण या खेपेला जे पहिले आले त्यांनी विषाणूच्या अक्षरांतलीच एक खोड शोधून काढली, आणि दहातले सात ओळखले, खरेखुरे. बाईंनी डासबाईसाठी एक नवा फॉर्म छापून घेतला. पिशवी कुठे ठेवली, नाड्या बांधल्या होत्या का, मान वर केली का. डासबाईने तो टेबलाच्या खणात टाकून दिला. तिची नजर वरतीच जात नव्हती, तर भरणार काय! बाई खाली आल्या त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिने चिठ्ठीप्रमाणे हाका मारायला सुरुवात केली होती. दारात यायचं, नंबर ओरडायचा, जमिनीकडे बघायचं.

पहिल्याच दिवशी कंडक्टर भडकला. "अहो डासबाई, हे काय काढलंत? नंबर ओरडायला इथे माझी बस लागली आहे का?"

"नियम आहे," ती म्हणाली.

"नियम घाला चुलीत! आता आम्हाला कळायचं कसं?"

"काय कळायचं?"

"कोण कुठवर आलंय ते." कंडक्टरने असं तोंड केलं, जणू एखाद्या प्रवाशाने बस कुठे जाते ते बसमध्ये चढल्यावर विचारलं. "तुमच्या हाकेवरूनच तर कळायचं. वरचे डॉक्टर गोड बोलतात, खरं तुमच्याच दारात कळायचं. माझा नंबर बाविसावरून चौदावर आला, तेव्हा मी मृत्युपत्र करून टाकलं. पुढच्या खेपेला पुन्हा वीस झाला, तेव्हा नवे बूट घेतले. बाकावर सगळ्यांना ठाऊक आहे हे. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

डासबाईने बाकाकडे पाहिलं. एक म्हातारी होकारार्थी मान हलवत होती. तिच्या पलीकडच्या माणसाने नजर चुकवली. अकरा वर्षं ती या दारात उभी राहून लोकांना निकाल वाचून दाखवत होती, आणि तिचं तिलाच माहीत नव्हतं!

महिन्याने भावाचं नवं औषध सुरू झालं. त्याआधी रक्त द्यायला तो आला, चिठ्ठी सात नंबरची. आत येऊन खुर्चीत बसला आणि बाही वर करायला लागला. त्या दिवशी डासबाईने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. एका बाहीची घडी घालायला त्याला तीनदा थांबावं लागलं. गळपट्टीत मान सैल झाली होती. कुठल्याही परक्या माणसाला तिने दारातूनच हाक मारली असती, एक नंबरला, विचारसुद्धा न करता.

"एक विचारू?" ती म्हणाली. "खरं सांगशील?"

"विचार की."

"तुला बाकावर बसवत होतं का रे?"

त्याने मान हलवली. "नव्हतं."

"कधीपासून?"

"झालं असेल दीड वर्ष. शिडी चढवेना, म्हणून साहेबाला सांगून तळमजल्यावरची कामं मागून घेतली. बाकावर तर कधीकधी डोळ्यांपुढे अंधारी यायची. मग भिंतीवरचा नियम पुन्हापुन्हा वाचत बसायचो, पडू नये म्हणून."

"दीड वर्ष! आणि बोलला नाहीस? मला नाही, बायकोला नाही, डॉक्टरांना नाही? इतका कसला रे मुखदुर्बळ तू?"

"अगं, बोलणार होतो. दोनदा तर वर जायला उठलोसुद्धा होतो, मोठ्या बाईंना सांगावं म्हणून. जिन्यापर्यंत गेलो होतो." भाऊ थोडासा हसला. "पण ताई, तू मला शेवटी हाक मारायचीस ना. म्हटलं, हिच्या नजरेतून कुणी सुटत नाही. साऱ्या बाकाला माहीत आहे. हिला मी इतका धडधाकट दिसतोय, तर आपलंच काहीतरी मनाचं असेल. म्हणून परत येऊन बाकावर बसलो."